मामा, पोरगी असली गाणी का ऐकालीय?

पत्र लांब होतं, थोडं कापून देतोय:

"मामा, नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत मोल्डिंगला आहे, राहायला अनगोळला. मुलगी नववीत, मुलगा चार वर्षांचा. पोरगी अभ्यासात बरी आहे, उलट बोलत नाही, खरं गेले चार-पाच महिने सारखी कानात वायर घालून हेवी मेटल का काय ते ऐकते. मागच्या आठवड्यात तिच्या आज्जीनं तिन्हीसांजेला दिवा लावला, दोघांना शुभंकरोति म्हणायला बसवलं, तर पोरगी म्हणाली आज्जी, यांच्यात पण असलं आहे, आणि फोनवर गाणं लावलं. त्यात एक माणूस आणि एक बारकं पोरगं प्रार्थना म्हणतात. अर्थ तिनंच सांगितला, की झोपेत मी मेलो तर देवा माझा जीव तू घे. माझ्या आईनं दिव्यासमोर कानावर हात ठेवले. रात्री मी तिची वही बघितली तर मागच्या पानांवर असल्याच ओळी, पोरं, थडगी, वाईट स्वप्नं. फोनमध्ये अजून एक गाणं सापडलं, त्यात मोठा माणूस शेवटी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडतोय, मला पूर्ण ऐकवलं नाही. इअरफोन काढून कपाटात ठेवलाय. ती काहीच बोलली नाही, तेच जास्त टोचतंय. माझी नाईट असते तेव्हा जास्त ऐकते म्हणून आई सांगते. लहान पोरांबद्दल असली गाणी करतं तरी कोण, आणि कशाला? बंदच करू का?"

दादा,

पत्र दोनदा वाचलं, मग चहा ठेवला, मग परत वाचलं. तुम्ही हे बरोबर माणसाला विचारलंय का चुकीच्या ते मलाच कळेना, कारण १९९२ साली मी पण नववीत होतो आणि तेच गाणं, अगदी तेच, वडगावात आमच्या मागाच्या शेडमागं जी खोली होती तिथं रात्री दहा वाजता ऐकत बसलेलो. कॅम्पातल्या एका दोस्ताकडून कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेलं. बाहेर चार पॉवरलूम खटाक खटाक चालू, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि अप्पा आत येऊन मला म्हणतात काय हा गोंगाट लावलायस! आता बोला. त्यांनी कॅसेट काढली, फीत बोटात धरून ओढली, येईल तेवढी ओढली, आणि तो सगळा गुंता माझ्या ओंजळीत ठेवून बाहेर गेले. मी पेन्सिल घालून रात्रभर ती परत गुंडाळत बसलो. कॅसेट वाजली, खरं फीत जिथं चुरगळलेली तिथं आवाज बुडाल्यासारखा व्हायचा, आणि ती जागा नेमकी ते पोरगं प्रार्थना म्हणतं तीच. पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं गाणं असंच आहे, मधेच पाण्याखाली जाऊन परत वर येणारं. खरी सीडी ऐकली तेव्हा उलट चुकल्यासारखं वाटलं.

म्हणून इअरफोन कपाटात ठेवलाय हे वाचून मला तुमचा राग आला नाही, अप्पा आठवले. घाबरलेला बाप हाताला लागेल ते उचलून ठेवतो.

आता ते गाणं. मेटालिका बँडचं 'एंटर सँडमन', १९९१ चं. सँडमन म्हणजे तिकडच्या गोष्टीतला एक जण, रात्री येऊन पोरांच्या डोळ्यात चिमूटभर रेती टाकतो आणि पोरं झोपतात, सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात चिपडं दिसली की आया सांगतात बघ, सँडमन येऊन गेला. मूळ गोष्ट गोडच आहे. यांनी काय केलं, ती उलटी करून ठेवली, की तो आला म्हणजे झोप नाही, वाईट स्वप्नं. त्यांच्या गायकानं, जेम्स हेटफील्डनं, पहिल्यांदा याच चालीवर जे शब्द लिहिलेले ते पाळण्यात झोपलेलं तान्हं बाळ कारण नसताना सकाळी गेलेलं सापडतं, त्यावर होते. निर्माता बॉब रॉक आणि ड्रमर लार्स यांनी सांगितलं की चाल एवढी भारी आहे, शब्द परत बघ की, मग तो बदलला. म्हणजे जे तुमच्या आज्जींनी ऐकलं ते आधीच पातळ केलेलं आहे असं समजा.

आणि ती प्रार्थना मेटलवाल्यांनी रचलेलीच नाही हो! अमेरिकेत अठराव्या शतकात पोरांची जी अंकलिपी असायची, आपल्याकडं पाटीवर गिरवायच्या आधी द्यायचे तसली, तिच्यात ती छापलेली होती. तेव्हा पोरं घटसर्पानं, देवीनं पटापट जायची, रात्री निजवलेलं पोर सकाळी उठेलच याची आईला खात्री नसायची, म्हणून झोपताना पोराच्याच तोंडून म्हणवून घ्यायचे की देवा, नाहीच उठलो तर सांभाळ. तिकडं ती शेकडो वर्षं आज्ज्याच नातवंडांना शिकवत आल्यात. तुमच्या पोरीनं दिव्यासमोर ते लावलं ना, मला विचाराल तर ती आज्जीची चेष्टा करत नव्हती, तिनं एक जोड शोधून काढलेली, शुभंकरोतिला जोड, आणि ती दाखवायला आलेली. नववीतल्या पोरीला एवढं सुचलं याचं मला कौतुकच वाटलं. बाकी आपलं शुभंकरोति तरी कुठं नुसतं गोड आहे, आरोग्य आणि धनसंपदा मागून झाली की लगेच शत्रुबुद्धीचा विनाश आहेच की त्यात, चार वर्षांचं पोर हात जोडून शत्रूचं नाव काढतंय.

आज्जींना अजून एक विचारा, श्रावणात शिवलीलामृत वाचतात का. वाचत असणारच. मग चिलया बाळाची गोष्ट त्यांना पाठ असेल. अतिथीच्या रूपात शंकर येतात, श्रियाळ राजाला म्हणतात तुझ्या पोराचं मांस वाढ, आणि चांगुणा, म्हणजे त्याची सख्खी आई, पोराचं डोकं उखळात घालून कांडते, तेही गाणं म्हणत, डोळ्यातून एक टिपूस काढायचं नाही अशी अट. आमच्या गल्लीतल्या लिंगायत शेजाऱ्यांकडं पण हीच गोष्ट, नावं थोडी वेगळी. आम्ही सहा-सात वर्षांची पोरं शेंगदाणे खात ती ऐकायचो. शेवटी बाळ हाक मारल्यावर पळत येतं हे खरं, पण मधलं उखळ कोण विसरलं सांगा? मी आजवर ऐकलेल्या कुठल्या मेटल गाण्यात आई पोराला कांडत नाही.

आणि आपण पोरांना भीती घालत नाही असं तरी कुठं आहे, मराठीत बागुलबुवा, पलीकडच्या घरात कानडीत गुम्मा, आमच्याकडं तर आईला राग आला की दोघंही एकदम यायचे. पुरंदरदासांचं कानडी पद आहे, त्यात बाळकृष्ण यशोदेला विनवतो की आई, तू गुम्माला हाक मारू नको, मी शहाण्यासारखा वागतो. लहान होतो तेव्हा शेजारच्या अक्का ते म्हणायच्या, मला ते फक्त गोड वाटायचं. मोठेपणी एकदा लक्षात आलं की अरे, इथं बोलतंय कोण? घाबरलेलं पोर बोलतंय. आणि गुम्माला बोलावणारं कोण, तर आईच.

तर दादा, "लहान पोरांबद्दल असली गाणी करतं कोण" याचं माझं उत्तर हे, की ही गाणी पोरांबद्दल नसतात, पोराच्या बाजूनं असतात. आपल्या भावगीतात पोर म्हणजे चांदोबा, नाहीतर कान्हा, गालावर खळी. मोठी माणसं पोराकडं बघून गातात. मेटलमध्ये पोर मोठ्यांकडं बघून बोलतं, आणि त्याला जे दिसतं ते नेहमी चांगलं नसतं. गाणारा तिशीचा दाढीवाला असतो, खरं तक्रार त्याच्या बाराव्या-तेराव्या वर्षातली.

हेटफील्डचंच बघा. घर क्रिश्चन सायन्स पंथाचं, या लोकांत डॉक्टर-औषध नको, प्रार्थनेनं बरं व्हायचं. शाळेत आरोग्याच्या तासाला याला बसता यायचं नाही, बाकीची पोरं काय म्हणत असतील विचार करा. तेरा वर्षांचा असताना आई-बाप वेगळे झाले. सोळाव्या वर्षी आई कॅन्सरनं गेली, उपचार न घेता. त्या पोराच्या डोक्यात काय काय साठलं असेल, आणि ते कुणाला सांगणार, देवाला? १९८८ साली 'डायर्स ईव्ह' म्हणून गाणं केलं, अफाट वेगाचं, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता दगड फोडायचा कारखाना वाटतो, खरं शब्द बघितले तर ते पत्र आहे, आई-बापाला लिहिलेलं, की तुम्ही मला जगापासून एवढं झाकून ठेवलंत की बाहेर आल्यावर मला चालताच येईना. पुढं १९९६ ला आईवर अजून एक केलं, ते जवळजवळ गिटारवरचं साधं गाणं आहे, त्यात राग कमी आणि आठवण जास्त. मी अप्पा गेल्यावर ते ऐकलं. असो.

तुमच्या पोरीच्या वहीत थडगी आहेत म्हणता. ती बहुतेक ब्लॅक सॅबथ बँडची, 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', १९७१. नाव ऐकून तुम्हाला वाटलं असेल स्मशानातली भुतं. गाणं आहे अणुबॉम्बच्या विरोधात! रस्त्यावर मोर्चा काढणारी पोरं आहेत त्यात, की मोठ्यांनी जग असंच चालवलं तर आम्ही थडग्यातली पोरं होणार. आणि हे तुम्ही फौंड्रीवाले म्हणून मुद्दाम सांगतो, त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतरा वर्षांचा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि प्रेसखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, पुढं तारा सैल ठेवून वाजवायला लागला म्हणजे बोट कमी दुखेल, आणि त्या सैल तारांतून जो जड, खाली ओढणारा आवाज आला त्यावर हे सगळं मेटल उभं आहे. आपल्या उद्यमबागेत असली बोटं किती जणांची गेल्यात तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ५ जुलैला, त्याच बर्मिंगहॅममध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न खुर्चीवर बसून गायला, आणि त्याचे पैसे कुणाला, तर तिथल्या मुलांच्या दवाखान्याला, मरणाच्या दारातल्या पोरांना सांभाळणाऱ्या एका संस्थेला आणि पार्किन्सन्सच्या संशोधनाला. सतरा दिवसांनी ऑझी गेला. सैतानाचा माणूस म्हणून आयुष्यभर शिव्या खाल्लेला तो.

आता ते रडण्याचं गाणं. इथं मी जरा हळू बोलणार आहे.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते कॉर्न बँडचं 'डॅडी' असणार, १९९४ चं. गायक जोनाथन डेव्हिस, लहानपणी त्याच्यावर अत्याचार झालेला. नाव 'डॅडी' असलं तरी करणारा त्याचा बाप नव्हे, तो स्वतः सांगतो की दुसऱ्याच कुणीतरी केलं, मी घरी येऊन सांगितलं, तर आई-बापाला वाटलं पोरगं खोटं बोलतंय, चेष्टा करतंय. हे गाणं स्टुडिओत म्हणताना तो खरंच कोसळला, ते रडणं ठरवून केलेलं नाही, टेप चालूच राहिली आणि ती तशीच ठेवली. बँडनं पुढं बरीच वर्षं ते स्टेजवर घेतलंच नाही. त्या अल्बमचं कव्हर पण बघा पाहिजे तर, झोक्यावर एक पोरगी आणि समोर जमिनीवर एका माणसाची सावली, बास, त्यात सगळं आलं. त्याच अल्बममध्ये बालवाडीतल्या इंग्रजी बडबडगीतांचं गाणं आहे, बॅगपाइप वाजतो आणि हा बाबा तीच गाणी दात खात म्हणतो. मला तेव्हा गंमत वाटलेली, आता ऐकवत नाही.

हे गाणं चौदा वर्षांच्या पोरीनं एकटीनं, रात्री, परत परत ऐकावं का? माझं मत, नको. वाईट आहे म्हणून नव्हे, जड आहे म्हणून. सोबत कुणीतरी पाहिजे. आणि ती जर मुद्दाम तेच ऐकत असेल तर का, हे हळूच विचारायला पाहिजे, पोलिसासारखं नाही. बहुतेक पोरं नुसती उत्सुकतेनं ऐकतात, कुणीतरी सांगितलेलं असतं की हा खराच रडलाय. खरं समजा ती काही वेगळं बोलली, शाळेतलं, ट्युशनमधलं, नात्यातलं, कुणाचंही, तर त्या गाण्यातल्या आई-बापानं जे केलं ते करू नका. आधी खरं धरा, मग पुढचं. १०९८ हा पोरांसाठीचा नंबर आहे, फुकट आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यात पोराचं नाव पेपरात छापता येत नाही, म्हणजे गल्लीत बोभाटा होईल म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

हे पण सांगितलं पाहिजे की मेटलमध्ये सगळेच असे मनापासून लिहिणारे नाहीत. मोडकी बाहुली, पाळण्याचं टिंगटिंग म्युझिक, मागं कुठंतरी पोराचं हसणं, आणि मग धडाम् करून ड्रम, हे शंभर बँडनी शंभर वेळा केलंय, तो सगळा स्वस्तातला माल आहे, सिनेमात दार करकरतं तसा. पोराचा त्यात काही संबंध नसतो, पोर नुसतं भीतीच्या फोडणीला. तुमच्या पोरीला हा फरक कळतो का बघा, कळत असणार, चौदाव्या वर्षी खोटं पटकन ओळखता येतं, आपल्याला नंतर येईनासं होतं.

"बंद करू का" म्हणता. हे अमेरिकेत करून झालंय. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सिनेटसमोर मोठी सुनावणी झाली, मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या बायका एकत्र आलेल्या, की ही गाणी पोरांना बिघडवतात. ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडर तिथं केस मोकळे सोडून, जीन्स घालून गेला, सगळ्यांना वाटलं आता हा काय बोलणार, आणि त्यानं घडी घातलेला कागद काढून शांतपणे सांगितलं की तुम्ही ज्याला छळाचं गाणं म्हणता ते आमच्या गिटारवाल्याच्या घशाच्या ऑपरेशनवर आहे, वाचणाऱ्याच्या डोक्यात जे असतं ते त्याला दिसतं. शेवटी काय झालं, कॅसेटवर इशाऱ्याचं लेबल आलं. आणि पोरं दुकानात जाऊन नेमकी लेबलवालीच कॅसेट मागायला लागली! मी पुढं खडेबाजारात कॅसेटच्या दुकानात दोन वर्षं काम केलं, लेबलचा फोटो असलेली कॅसेट वरच्या फळीवर ठेवली की आधी ती जायची. आता अॅपवर गाण्याच्या नावाशेजारी बारक्या चौकोनात इंग्रजी ई असतो, ते त्याचंच पिल्लू. तो ई बघून तुम्ही ठरवा कुठलं गाणं सोबत ऐकायचं, एवढा उपयोग आहे त्याचा.

मरणाची भीती तुम्हाला वाटते, ती मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेत नेवाडामध्ये दोन तरुण पोरांनी गाणी ऐकून स्वतःवर गोळी झाडली, त्यांच्या घरच्यांनी जुडास प्रीस्ट बँडवर दावा लावला की गाण्यात लपवलेले शब्द होते. १९९० साली न्यायाधीशांनी सगळं ऐकून दावा फेटाळला. गाण्यानं पोर मरत नाही, एकटं पडून मरतं. म्हणून वहीतल्या ओळींपेक्षा हे बघा, ती जेवते का, मैत्रिणी येतात का, आवडीच्या वस्तू कुणाला देऊन टाकते का, मी नसले तर बरं असलं कधी बोलते का. यातलं काही असेल तर थांबू नका, १४४१६ ला टेली मानस आहे, सरकारी आहे, मराठीत पण बोलतात. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. जी पोरगी भावाशेजारी बसून शुभंकरोति म्हणते आणि आज्जीला गाणं ऐकवायला उठते ती दार लावून घेतलेली पोरगी नाही.

तिला पोरींचे बँड माहीत आहेत का विचारा. इंडोनेशियात गारुत म्हणून भाग आहे, तिथल्या खेड्यातल्या तीन पोरी, डोक्याला हिजाब, २०१४ ला शाळेतच बँड काढला, नाव व्हॉइस ऑफ बाचेप्रोत, त्यांच्या भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट करणारं, बडबडं. गावात लोक नावं ठेवायचे, २०२४ ला त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरीत, तिथल्या मोठ्या संगीत महोत्सवात, वाजवून आल्या. जपानचा बेबीमेटल तर अकरा-बारा वर्षांच्या पोरींनी सुरू झाला, त्यांचं एक गाणं शाळेतल्या दादागिरीवर आहे. आपल्या दिल्लीच्या ब्लडीवूडनं पण त्याच विषयावर केलंय, ढोल घालून. फिनलंडात डायनासोरचे कपडे घालून बालवाडीच्या पोरांसाठी मेटल वाजवणारा बँड आहे, हेविसॉरस, तुमच्या चार वर्षांच्याला ते लावा, नाचून घर डोक्यावर घेईल. आवाजाबद्दल म्हणाल तर गणपती विसर्जनाला हुतात्मा चौकातून कपिलेश्वरपर्यंत रात्रभर जे वाजतं ते ऐकणाऱ्या बेळगावच्या माणसानं बोलूच नये. काळे टीशर्ट मागेल, द्या की, फक्त १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, घालून बाहेर पडली तर लोक बँडचं नाव विचारणार नाहीत, दुसरंच काहीतरी समजतील.

आता तुमच्या पत्रातली ती एक ओळ. "माझी नाईट असते तेव्हा जास्त ऐकते." तुम्ही ती शेवटाकडं घातलीय, घाईत, आणि मला वाटतं सगळं पत्र तिथंच आहे.

ती काय ऐकते, झोपेत काय होईल याची भीती. कधी ऐकते, बाप भट्टीसमोर असतो तेव्हा. मोल्डिंगला आहात म्हणजे रात्रभर वाळू, साचे, ओतकाम. तिनं कधीतरी तुमच्या हातावरचा फोड बघितला असेल, कधीतरी तुम्ही आणि वहिनी हळू आवाजात कुणाला तरी भाजलं म्हणून बोलत असाल आणि ती जागी असेल. पोरं जागीच असतात, दादा. आम्ही मागाच्या घरातली पोरं, रात्री माग एकदम थांबला की आम्हाला जाग यायची, चालू असला की गाढ झोप. थांबला म्हणजे काहीतरी झालं. तिच्याकडं तसला आवाज नाही, तिनं कानात घालून घेतला. आणि चार वर्षांच्याला निजवायचं कामही तिच्याकडंच असेल तर एक बघा, त्या गाण्यात मोठा माणूस पुढं ओळ म्हणतो आणि पोर मागून, तसंच ती भावाला म्हणवून घेत असेल, तुमच्या वाटणीचं.

तुम्ही सकाळी येता तेव्हा कानामागं, केसात वाळू असतेच की. घरातला सँडमन तर तुम्हीच आहात, तिला सांगून बघा, हसेल.

तुम्ही पण रात्रभर कानात इअरप्लग घालताच ना फेटलिंगकडं, ओतलेला माल घासतात तिकडं, गेल्यावर, तेवढंच ते. आवाज कमी ठेव एवढं मात्र सांगा, कान एकदा गेले की येत नाहीत, अप्पांचे पन्नाशीत गेले, शेवटी शेवटी मी काय लावलंय ते त्यांना कळायचं पण नाही, आणि तेव्हा मला फार वाटायचं की त्यांनी परत एकदा आत यावं आणि गोंगाट म्हणावं.

आज संध्याकाळी कपाट उघडा. भाषण नको, माफी पण नको, नुसता इअरफोन तिच्या हातात द्या आणि म्हणा एक कान मला दे. ती आधी नको म्हणेल, पप्पा तुम्हाला नाही आवडायचं म्हणेल. बसून राहा. शब्द कळणार नाहीत, तिला विचारा, ती सांगेल, पोरींना समजावून सांगायला लई आवडतं. नाईट असेल त्या दिवशी दहाच्या चहाला बाहेर येऊन तिला एक फोन, अर्धा मिनिट, आज काय ऐकालीस एवढंच. आणि आज्जींना सांगा चिलया बाळाची गोष्ट एकदा तिला नीट सांगा म्हणून, उखळासकट. बघू कोण कानावर हात ठेवतं.

पहिलं गाणं तिनं कुठलं लावलं तेवढं मला कळवा.